चाचीचं बंद दार

आई ताक घुसळत होती, मी अंगण झाडत होते. तेवढ्यात हसनाबादेत बातमी आली, निजामाचं राज्य गेलं. सगळी गल्ली आनंदानं ओरडायला लागली. फक्त शेजारच्या चाचीचं दार बंद होतं. निजामाच्या रझाकारांवरचा राग आपल्या मुसलमान घरावर निघेल, ही तिला भीती.

मंडळी, आज मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाहून आल्यावर नातीनं विचारलं, "आजी, त्या दिवशी तू काय केलं?" आमचे हे असते तर त्यांनीच रंगवून सांगितलं असतं. आता मीच लिहिते.

ताक झालं की शेजारी द्यायचं, ही आमची रीत. आईनं तांब्या भरला तशी काकू म्हणाली, "आज नको, लोक काय म्हणतील?"

"रोज देते, मंग आजच काय झालं?" आईनं तांब्या माझ्या हातात दिला.

मी दार वाजवलं.

"कौन है?"

"मी, चाची. ताक आणलंय."

"तेरी अम्मा को डर नहीं लगता?"

"लागतो ना. मांजरीचा. लोणी खाती."

आतून हसू ऐकू आलं आणि कडी निघाली.

मोठेपणी मी आपली आपण वाचायला शिकले, इतिहासाची पुस्तकं वाचली. त्यांत आमच्या गल्लीतलं हे सापडलं नाही. तुमच्या घरी असं काही सांगतात का?

दुसऱ्या दिवशी आईनं सांगायच्या आधीच मी ताक घेऊन चाचीकडे गेले.