दुधावरचं झाकण

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हुमनाबादजवळच्या ओतकामाच्या कारखान्यात धूर कमी करायचं काम मिळालं, याचा मला अभिमान होता. धूर तसाच राहिला तर युरोप आमच्या मालावर कार्बन कर लावणार होता.

फाटकासमोर एका अक्कांची चहाची टपरी होती. कोळशाचा ट्रक दिसला की त्या आधी दुधावर झाकण ठेवत, मग ड्रायव्हरला हाक मारत.

"अक्का, आता विजेची भट्टी यायलीय. दूध झाकायचं काम न्हाई," मी आनंदानं सांगितलं.

"व्हय? मग कोळशाचे ट्रक?"

"बंद."

"मग गिऱ्हाईक कुठनं यील, त्ये बी सांगा की अण्णा."

मी चहाचे पैसे ठेवून फाटकाकडे वळलो.

विजेची भट्टी आली. काल टपरीवर मी एकटाच होतो. रस्त्याच्या वळणावर एक ट्रक दिसला. अक्कांनी घाईनं दुधावर झाकण ठेवलं. ट्रक थांबला नाही.