गाईला ढेप, मला आडोसा

भर विहिरीवर सासूनं माझं धुवायला आणलेलं लुगडं काडीनं उचललं. पाणी भरायला आलेल्या बायांपुढं धोंड्यावर पसरलं. डागाकडं बोट केलं.

"पाहा वं बायानो, कशी सडून राह्यली हे. इच्या कुशीत काय बीज रुजते?"

बाया हसल्या. एक थुंकली. मी घागर धरून उभी, मेल्याहून मेली.

मेडशीकडच्या एका गावात पाटलाच्या घरी मला दिलेलं. बाप दुसऱ्याची जमीन वाहणारा. माझ्या बाजूनं भांडायला कोण येणार?

लग्नाला वर्षं झाली, मूल नव्हतं. पाळी आली की बाईनं बाहेर बसायचं, हे घरोघरी होतं. आमच्या सासूनं त्यावर कळस चढवला होता. पाळी सरली की माझं अंग काही दिवस कोरडं असायचं. मग पांढुरकं, चिकट काही यायचं. मग एकदम नितळ, निसरडं. भेंडी चिरताना सुटते तशी बोटाला तार लागायची. पुढं ते पुन्हा घट्ट व्हायचं, आटून जायचं. दर महिन्याला असंच.

नितळ डाग दिसला की सासू म्हणायची, हा दुसरा विटाळ. चल बाहेर. गोठ्याला लागून पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कुड घातला होता, त्या आडोशात माझं ताट सरकवायची. नवऱ्यानं तिकडं फिरकायचं नाही. तो फिरकलाही नाही कधी, आईचा शहाणा लेक. अंग कोरडं झालं की मी घरात. मग वांझ म्हणून शिव्या आणि दुसरी बायको करायच्या गोष्टी.

एकदा अशीच आडोशात बसले होते. समोर गाय हंबरत होती. तिच्या मागून नितळ तार लोंबत होती. मी ती ओळखलीच. सासरे आले, बघून खूश झाले.

"माजावर आली! आत्ताच्या आत्ता वळूकडे न्या तिले. हे सुकलं का मंग गाभन राह्यत नाई."

सासूनं आपल्या हातानं गाईला सरकीची ढेप चारली. पाठ थोपटली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेत वापशावर, पेरणीजोग्या ओलीवर यायचं, नेमकं तेव्हाच हे लोक पेरणाऱ्याला बांधाबाहेर ठेवत होते. आणि उगवत नाही म्हणून शिव्या शेताला! मी उठले, तशीच घरात गेले आणि चुलीपाशी बसले.

"बाहीर निघ, रांडे! घर बाटवलं!"

सासूनं चुलीतलं जळतं लाकूड माझ्या मनगटावर टेकवलं. कातडी चरचरली. मी हात मागं घेतला नाही.

"गाईले तार आली त ढेप. मले आली त आडोसा. काहून?"

सासरे दारात होते. त्यांना कळलं होतं, मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी मान फिरवली आणि गाय घेऊन निघून गेले.

नवऱ्यानं दुसरी केलीच. पोरगीच होती ती. मला तिची माया नव्हती. पण सासूची काडी तिच्या लुगड्याकडं वळली, तेव्हा मी ती हिसकून मोडली. मग गोठ्याकडं गेले. कुडाच्या पऱ्हाट्या उपटल्या, आणल्या आणि सगळ्यांच्या देखत चुलीत घातल्या.

"पुन्ना बांधा," मी म्हटलं. "पुन्ना जाळीन."