कुऱ्हाडीतला अर्धा र

त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. नावाच्या जागी त्याने चार आकडे ठेवले होते आणि फोटोच्या जागी एक शेळी, कान पाडून बघणारी. तो बाप्या की बाई, तेही ठाऊक नाही. तरी आधी त्याचंच सांगते, कारण मी आज या शहरात आहे, या खुर्चीत आहे, ती त्याच्यामुळे. काय घडलं ते मग.

मी नववीतून शाळा सोडलेली. आमचं गाव चंद्रपूरच्याही पलीकडे, जंगलाच्या काठाला. पुढची शाळा नदीपल्याड आणि घरी धाकट्यांना बघायला कुणी नाही, म्हणून राहिलं ते राहिलंच. झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करता करता मोबाईलवर बघून प्रोग्रामिंग शिकले आणि एका ओळखीने छत्रपती संभाजीनगरला आले. पुंडलिकनगरात एका काकूंकडे खोली. दोन गल्ल्या सोडून ऑफिस, म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की पायाखालची फरशी गुणगुणायची. खिडकीतून पीठ आत यायचं आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायचं, खाली बसायचंच नाही. दुपारी डोळे जड झाले की वाटायचं, आपण टेबलाशी नसून कुठल्यातरी ढगात आहोत, आणि पडद्यावरची अक्षरं आता एकेक करून सुटणार, वर जाणार.

ऑफिसात सर आणि मी, इतकीच माणसं. आम्ही शाळांची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचो. नाव टाकलं की शाळा सोडल्याचा दाखला छापून बाहेर. शाळा सोडलेली मुलगी जगाला दाखले काढून देतेय, याची मला कधी गंमत वाटायची, कधी धास्ती. सहा महिने बघू, असं सर म्हणाले होते. पाचवा चालू होता.

तेव्हा सिल्लोडकडच्या एका शाळेतून फोन आला. एका बाईला अंगणवाडी मदतनिसाच्या अर्जासाठी दाखला हवा होता. तिचं माहेरचं आडनाव कुऱ्हाडीवरून पडलेलं. रजिस्टरची यादी खाली सरकवत नेली तर नाव ठळक दिसायचं. शोधायला गेलं तर कॉम्प्युटर म्हणायचा, नोंद नाही. आणि शोधल्याशिवाय दाखला छापता येत नव्हता. तसं मीच ठेवलेलं.

“अगं, समोर दिसायलंय, आन् म्हणतंय नोंद नाय! असं कसं?” सर म्हणाले.

“बघते, सर.”

“दोन दिस झाले बघायलीस. हेडमास्तर म्हणले, बुधवारपर्यंत नाय झालं तर तुमचं समदं काढून न्या, आमची वही बरी. ती शाळा गेली तर तुला ठेवून मी काय करू? तूच सांग.”

रागात नव्हते हो. बिस्कीट चहात बुडवून ते विरघळेपर्यंत कपाकडे बघत बसले. म्हणून मला जास्त भीती वाटली. परत जायचं म्हणजे कुठे, तर त्याच झेरॉक्सच्या दुकानात, आणि गावात सगळे म्हणणार, आली का, आम्हाला वाटलंच होतं.

जगभरचे प्रोग्रामर एकमेकांचे प्रश्न सोडवतात अशी एक साईट आहे. तिथे मी माझ्या नववीच्या इंग्रजीत लिहिलं: हे दोन शब्द सारखे दिसतात, मग कॉम्प्युटरला वेगळे का वाटतात? खाली दोन्ही शब्द लिहिले. खालच्या टपरीवरून चहा वर येईस्तोवर पाच जणांनी मिळून प्रश्न बंद केला. वर पट्टी लागली: हे आधीच विचारलेलं आहे, उत्तर तिकडे बघा. तिकडे गेले. तिथे सांगितलं होतं, सगळी अक्षरं आधी प्रमाण रूपात, म्हणजे एकाच ठरलेल्या साच्यात आणा, मग ताडून बघा. आणली. तरी नोंद नाही ती नाहीच. परत येऊन तसं लिहिलं, तर प्रश्न बंद करणाऱ्यांतला पहिला म्हणाला, “तुम्ही दिलेले दोन्ही शब्द मी तपासले. ते एकच आहेत. अडचणच नाही.” आणखी एकाने खाली टाकलं, “शाळेचा गृहपाठ दिसतोय.”

शाळा हा शब्द मला असा लागला, जसं काही त्याला आतलं सगळं माहीत होतं. मी लॅपटॉप मिटला. गिरणी चालू होती, फरशी गुणगुणत होती, आणि मी मनात कपड्यांच्या घड्या करून बॅगेत भरायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी उघडलं, तर शेळी आलेली.

“उघडा,” तिने लिहिलं होतं. “हा प्रश्न तो नाही.”

“दोन्ही शब्द सारखे आहेत,” पहिला म्हणाला.

“मलाही सारखेच मिळाले. म्हणूनच शंका येते. विचारणाऱ्या ताई किंवा दादा, दोन्ही शब्द तुम्ही स्वतः टाइप केलेत का?”

केले होते. पडद्यावर बघून, एका हाताने, एकाच कीबोर्डवर. हो म्हटलं.

“मग आजारी माणूस घरीच ठेवून तुम्ही त्याच्या भावाला डॉक्टरकडे पाठवलंत. टाइप करू नका. रजिस्टरातूनच उचलून आणा.”

माझ्याकडची यादी नुसती बघण्यापुरती, तिच्यातून काही उचलता येत नव्हतं, म्हणून मी शाळेच्या क्लार्कभाऊंना फोन लावला. “भाऊ, ते आडनाव आहे तसं कॉपी करून पाठवता का?”

“लिवूनच देतो की, बाई. सोप्पंय. कुऱ्हा अन् पुढं डे.”

“नको, नको! लिहू नका. त्याला हातच लावू नका.”

“हौ, नाय लावत कुऱ्हाडीला हात. लई धार हाय वाटतं तिला!”

त्यांनी पाठवलेला शब्द मी प्रश्नात चिकटवला. शेळीने दोन्ही शब्द अक्षर अक्षर सुटे करून मांडले, जणू कुणी गजरे सोडून फुलं ओळीने ठेवली. कुऱ्हाडीत तो अर्धा र असतो ना, पापणीसारखा वाकलेला, वऱ्हाडातला, दऱ्यांतला, तो कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. माझ्या कीबोर्डवर तो एक वेगळाच र होता. हे नाव क्लार्कभाऊंनी चढवलं तेव्हाच्या त्यांच्या जुन्या, आता बदललेल्या कीबोर्डने साधा र घेतला होता, त्याचा पाय मोडला होता, आणि पुढे एक अदृश्य जोडणारं चिन्ह ठेवलं होतं. त्याला रुंदी नाही, शाई नाही. ते आहे, इतकंच. मी लहानपणापासून तो र लिहीत आले, आणि त्याच्या शेजारी असं कुणी न दिसता बसलेलं असू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. पडद्यावर मी बोट फिरवून बघितलं. पीठ तेवढं लागलं.

तरी प्रश्न बंदच. पहिला म्हणाला, “प्रमाण रूप केलं की हे मिटतं.”

“नाही मिटत. करून बघा.”

“एकासाठी दार उघडलं की तेच ते हजारदा विचारायला येतात. कुणीतरी आवरायला हवं.”

त्याचंही खोटं नव्हतं. मी तिथे तासन्तास वाचलंय. तेच तेच विचारणारे खरंच पुष्कळ असतात. पण मी तिथे हात बांधून उभी होते. माझ्यावरून दोन अनोळखी माणसं भांडत होती आणि मला मध्ये एक वाक्य टाकायचा धीर होत नव्हता. इंग्रजी चुकलं तर?

मग शेळीने लिहिलं: “माझ्या आईची भाषा मल्याळम. तिच्यात अर्धा न असाच दोन तऱ्हांनी लिहितात. एकदा दवाखान्यात आई माझ्याशेजारी बसलेली होती आणि यादी म्हणत होती, अशी कुणी बाई नाही. तेव्हापासून मी असे प्रश्न बंद होऊ देत नाही.”

दुपारी पट्टीखाली एक मत पडलं, उघडा. संध्याकाळपर्यंत चार. बंद करायला पाच लागली तशी उघडायलाही पाच लागतात. बुधवारी सकाळी काकूंकडे नळ आला होता, बादल्या भरता भरता मी ओल्या हाताने मोबाईल बघितला. पाचवं मत पहिल्याचंच होतं. “करून बघितलं. प्रमाण रूपाने मिटत नाही. मी चुकलो,” एवढंच त्याने लिहिलं होतं.

आणि पट्टी गेली. तिच्या जागी शेळीचं उत्तर, तीन ओळींचं: शोधण्याआधी एका तऱ्हेचा र सगळीकडे दुसऱ्या तऱ्हेचा करून घ्या. मी बादली तशीच वाहती सोडून ऑफिसला पळाले. काकू मागून ओरडत होत्या, “अगं, पाणी! आता पुन्हा कव्हा येईल ते!”

साडेदहाला क्लार्कभाऊंचा फोन. “निघाला, बाई, निघाला! कागद अजून गरम हाय. ह्या बाई हितंच बसल्यात, म्हणतात, मी हाय म्हणजे!”

सरांनी माझ्या पडद्यावर वाकून ते आडनाव दोनदा शोधून बघितलं. दोन्हीदा सापडलं. मग म्हणाले, “काल जेवली नव्हतीस ना? जाऊन ये. आन् पुढल्या महिन्यापासून खुलताबादची शाळा तूच बघ, आता कसलं बघू नि काय.”

मी जेवायला गेले नाही. आधी प्रश्नाखाली आभार लिहायला बसले. माझ्या इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या, दोनदा तपासल्या. तासाभराने बघते तर त्या नाहीशा. कुणीतरी नियमाप्रमाणे काढून टाकल्या होत्या. तिथे आभार लिहायचे नसतात. उपयोगी उत्तराला फक्त वरचा बाण दाबायचा. तो मी दाबला. एकदाच दाबता येतो.

म्हणून हे इथे, माझ्या भाषेत लिहितेय. शेळीताई किंवा शेळीदादा, तुम्हाला वाचता येणार नाही बहुतेक. मी तुमच्या आईची लिपी शिकायला घेतली आहे. अक्षरं गोल आहेत आणि हात अजून वळत नाही. पण वळेल. तुम्ही जिथे कुठे असाल, तुमचं ऋण माझ्यावर आहे, आणि एक ना एक दिवस मी ते फेडीन. तुमचा एखादा प्रश्न अडला आणि लोक म्हणाले की यात विचारण्यासारखं काही नाही, तर पहिलं मत माझं असेल, आणि पाचवं मिळेपर्यंत मी तिथून हलणार नाही.