तुळशीत उगवलेली तंबाखू

पानाकडे नुसतं बघून गोदाकाकू सांगत, ही तंबाखू कुठल्या जातीची. बिनदेठाचं, खोडाला बिलगलेलं पान म्हणजे गुलाबी फुलाची. देठाचं गोल पान आणि पिवळट फूल म्हणजे ‘चिमणी’. हेदवीच्या आसपास परसात चार रोपं लावणारे सगळे मोबाइलवर फोटो धाडून त्यांनाच विचारत. कुणी मशेरीपुरती लावी, कुणी मिरचीवरच्या मावा किडीवर तिचं पाणी मारायला. काकू सगळ्यांना हसतमुखाने बी वाटत. चिमणीचं तेवढं नाही. ते माहेरचं, आईने जाताना हातात दिलेलं. त्यातही गेल्या साली बोंडं धरायच्या आत माकडांनी झाडं मोडली आणि जुन्या बियांची एक पुडीच काय ती उरली.

तंबाखूचं बी धुळीसारखं बारीक. पेरताना सारखं पडावं म्हणून काकूंनी ते चुलीच्या राखेत कालवलं, कागदात बांधलं आणि उंदरांच्या भयाने देव्हाऱ्यात ठेवलं.

“अवो, इथली पुडी कुठाय?” पेरणीच्या दिवशी काकूंनी नवऱ्याला विचारलं.

“अंगाऱ्याची? ती सोनूबाईला दिली की गणपतीच्या आधीच,” महिपतकाका दाढी करता करता म्हणाले. “तिच्या पोराने नवी रिक्षा आणली ना.”

“तो अंगारा नव्हता! माझ्या आईची तंबाखू होती ती!”

काकांचा हात हवेतच थांबला. “मग मी रोज कपाळाला काय लावत होतो?”

काकू तोवर निघाल्याही होत्या. गडगा ओलांडून थेट शेजारच्या अंगणात. तिथे सोनूबाई ओलेत्याने तुळशीला प्रदक्षिणा घालत होती.

“सोनूबाय, तो अंगारा…”

“थांब गो, फेरी पुरी होऊ दे.” फेरी पुरी झाली. “पोराने थोडा रिक्षाला लावलान, उरला तो मी तुळशीत घातला. अंगारा पायदळी कसा टाकायचा? आणि बघ तरी, देवाने काय दिलान!”

तुळशीच्या बुंध्याशी कोवळ्या रोपांची दाटी झाली होती. काकू वाकल्या. गोल पान. त्यावर चिकट लव. आणि खाली, इवलासा का होईना, देठ! काकूंचे डोळे भरून आले.

“ही उपटून दे मला.”

“देवाची रोपं? जीभ झडेल तुझी!”

“अगो, तंबाखू आहे ती!”

सोनूबाई मटकन पायरीवर बसली. “जन्मभर तुला मशेरीवरून बोलत आले, आणि मीच तिला फेऱ्या घालत्येय?”

“तेही ओलेत्याने.”

मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळे पुसत सोनूबाई म्हणाली, “ने. पण दोन रोपं इथेच राहतील. ती उगवल्यापासून रिक्षाला भाडी बरी लागतायत.”

आईची चिमणी दुसरीच्या दारात? ‘नाही’ काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात काकूंच्या परसातल्या फणसावरून माकडाने ‘हुप्प’ केलं. इथे निदान सोनूबाईचा कुत्रा तरी होता.

“ठेव,” काकू म्हणाल्या. “फुलावर आली की फडक्याची टोपी घाल मात्र. दुसऱ्या जातीचा पराग बसता कामा नये.”

माकडं त्याही साली आली आणि काकूंच्या परसाची दैना करून गेली. तुळशीतली दोन झाडं टोप्या घालून ताठ उभी राहिली. बोंडं वाळल्यावर मोबाइलवर पहिल्यांदाच काकूंचा निरोप फिरला: “चिमणी कुणाकुणाला हवी?”

राखेत कालवलेल्या पुड्या ओटीवर मांडल्या गेल्या. प्रत्येक पुडीवर काकूंनी महिपतकाकांकडून ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं: कपाळाला लावू नये.