श्रीपतीने सांधलेला डॅशबोर्ड

श्रीपतीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कारखान्यात होता तेव्हा पहिल्या पाळीसाठी, कारखाना सुटल्यावर शकुबाईसाठी. शकुबाई त्याची बायको. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती. तिला पुसून घ्यायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, पेज भरवायची. मूलबाळ नव्हतं. उजाडल्यावर शेजारची रतनबाई येऊन बसे, मग तो नवलाख उंबरे या आपल्या गावाहून कामाला निघे. संध्याकाळी परत आला की आधी पंख्याचं बटण पूर्ण फिरवी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठीला वारा लागू द्या.

श्रीपती आणि मी तळेगावच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात होतो. तिथं गाड्यांचे डॅशबोर्ड बनत. मी मोल्डिंगला, तो भरड मशीनवर. तडा गेलेला, वाकलेला माल त्याच्याकडे जाई. हातोड्याने तुकडे करायचे आणि मशीनमध्ये सोडायचे. बावीस वर्षं त्याने हेच केलं. कानात घालायला बोळे मिळत, पण तो घालत नसे. मशीन कोंडायला लागलं की आधी आवाज बदलतो, तो ऐकावा लागतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या पाळीत मशीन कधी कोंडलं नाही. कान मात्र गेले. तो ठेकेदाराचा माणूस होता. ठेका बदलला आणि तो घरी बसला.

त्याला कानाचं मशीन हवं होतं, ते शकुबाईसाठी. तिचा आवाज अगदी बारीक उरला होता. ती बोलते आहे एवढं त्याला दिसे, पण तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठांवरून काही उमजत नसे. बोलताना ती डावा हात भिंतीकडे थोडा उचले. भिंतीपाशी माठ होता. तो पाणी आणून पाजे. ती पीत असे.

लोणावळ्याजवळ वलवणला प्रदीपचं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या गाड्या त्याच्याकडे येतात. माझी ओळख होती म्हणून मी श्रीपतीला घेऊन गेलो. डॅशबोर्डचं काम येतं का, असं प्रदीपने विचारलं. ते मी श्रीपतीच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"फोडाया येतं," श्रीपती म्हणाला.

प्रदीप हसला. "आबा, फोडायला माझी पोरं आहेत की. जोडायचं बोला."

मी तेही ओरडलो.

"कुटं फुटतं ते म्हाईत हाय. तितंच धरायचं."

काम होतं अनघाबाईंच्या फियाटचं. गाडी त्यांच्या वडिलांची. बंगल्यासमोर वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून डॅशबोर्ड मधोमध तडकला होता. नवा मिळत नव्हता. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला त्याहून वाईट निघाला. तेव्हा आहे तोच सांधायचा ठरला. प्रदीपची अट सरळ होती. सांधल्यावर गाडी आठवडाभर उन्हात उभी करायची. तडा आला नाही तर मजुरी. ती मजुरी म्हणजेच कानाचं मशीन, हे श्रीपतीने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

कारखाना सुटल्यापासून मीही रिकामाच होतो, बघायला जाऊन बसायचो. जुनं प्लास्टिक पापडासारखं झालेलं. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून त्याने ते सोडवलं, एक कोपरा मोडू दिला नाही. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडावं लागतं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. पण दिसतं ते टोक खरं नसतं. श्रीपतीने डॅशबोर्डची कड जबड्याला टेकवली आणि बोटाने ठोकत गेला. आवाज येत नव्हता, पण थरथर हाडाला कळत होती. दिसणाऱ्या टोकाच्या दोन बोटं पुढे त्याने खूण केली. भोक तिथं पाडलं. मागून काचेचं कापड राळेत भिजवून चिकटवलं, पुढून भर घातली, घासली, पुन्हा भर घातली. घाई कुठेही नाही. शेवटी सगळे स्क्रू आवळून बसवला.

पाचव्या दिवशी जुन्या तड्याशेजारी नवा केसाएवढा तडा दिसला.

श्रीपती बराच वेळ त्याच्यावर नख फिरवत होता. मग त्याला कळलं. ऊन लागलं की प्लास्टिक फुगतं, त्याला सरकायला जागा लागते. त्याने ती ठेवलीच नव्हती. चूक त्याची, तशी आमच्या दोघांचीही. कारखान्यात आम्ही फुटताना पाहिलेला माल कधी ऊन बघायचाच नाही. नवा असतानाच फुटायचा.

प्रदीप माणूस वाईट नाही. तो म्हणाला, वरून रेक्झिन चढवू, झाकून जाईल, पैसे आजच घ्या आणि मशीन आणा. मी ते श्रीपतीला सांगितलं.

"झाकल्याव तडा थांबतो का?"

"थांबत नाही. दिसत नाही फक्त," प्रदीपने हाताने खुणा करत सांगितलं.

"मंग न्हाई."

मी त्याला म्हणालो, शकुबाईचा विचार कर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बावीस वरसं तडा गेल्याला माल फोडत आलो. आता त्योच झाकून लोकाच्या गाडीत बशिवू?"

एरवी मीही हेच म्हणालो असतो.

त्याने सगळं उकललं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी स्क्रूची भोकं लांबट केली, म्हणजे डॅशबोर्ड फुगला तरी जागच्या जागी सरकेल. पण तोवर ढग यायला लागले. मावळात एकदा पाऊस लागला की राळ सुकत नाही आणि उन्हाची परीक्षाही होत नाही. एक दिवस ऊन, दोन दिवस मळभ. आठवडाभराचं ऊन गोळा व्हायला महिना लागला. त्या महिन्यात शकुबाईची पेज निम्म्यावर आली. श्रीपती रोज वलवणला येऊन आधी काचेतून डॅशबोर्ड बघे, मग दुसऱ्या कामाला हात घाली.

तडा आला नाही. अनघाबाईंनी हात फिरवून बघितलं आणि जोड कुठे आहे असं विचारलं. त्यांना तो सापडला नाही. श्रीपतीला हे मी ओरडून सांगितलं. त्याने मान हलवली आणि पैसे मागितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळेगावला जाऊन मशीन आणलं. बाहेर पाऊस लागला होता, अंगावर काटा यावा असा गारठा. त्याच्या घरी पोचलो तेव्हा रतनबाई उठून गेली. श्रीपतीने सवयीने पंख्याचं बटण पूर्ण फिरवलं आणि शकुबाईजवळ जाऊन बसला. मी दारात होतो. तिने हात भिंतीकडे उचलला. ओठ हलले.

"पंखा बंद करा. गार लागतंय."

बटणाचा बोर्ड माठाच्या वरच होता. दिवसा रतनबाई पंखा लावतच नसे, म्हणून तिच्याजवळ शकुबाईला हे कधी सांगावं लागलं नव्हतं.

"कवापासनं सांगतीस?" श्रीपतीने विचारलं.

"पयल्यापास्नं."

तो उठला. आषाढी पौर्णिमेच्या आधीच शकुबाई गेली, आणि त्यानंतर ते मशीन त्याने कानाला लावलेलं मी पाहिलं नाही. दोनदा सांधलेल्या त्या डॅशबोर्डच्या मजुरीतून जे झालं ते एवढंच. त्या संध्याकाळी पंखा बंद झाला आणि उरलेले दिवस तिला गार लागलं नाही.