दोन बोटं सैल

टेपबाईंचं खरं नाव फक्त लाईटबिलाला ठाऊक. चाळीस वर्षं कपडे शिवले. गळ्यात टेप नसली की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दर रविवारी मात्र मशीन बंद. बटण नावाच्या कुत्र्याला घेऊन त्या घरामागच्या जुन्या जंगलात पायी भटकायच्या.

त्याच जंगलातून रस्ता जाणार म्हणे! वाचवायचं तर नियम एकच: दोनशे चाळीस इंचांपेक्षा जास्त घेराची तीन झाडं दाखवा, रस्ता वळेल. बाईंनी साठ-साठ इंचांच्या चार टेपा, शिवणीत सूतभरही न गमावता, एकमेकींना जोडल्या. झाडाला गुंडाळल्यावर टोकं भेटली नाहीत की झाड पास! तशी तीन झाडं शोधून अर्ज दिला. आज मुदतीच्या शेवटच्या दिवशी मोजणीदारसाहेब खात्री करायला आले.

दोन झाडं पास. तिसऱ्याला साहेबांनी टेप करकचून आवळली. टोकावर टोक इंचभर चढलं.

"कमी भरतंय, बाई."

"असं कसं? मी स्वतः मोजलंय!"

"कसं, दाखवा बरं."

बाईंनी टेप गुंडाळली आणि सवयीनं टेपेखाली दोन बोटं सरकवली.

साहेब हसले. "झाडाला श्वास घ्यायला सैल सोडलंत होय?"

बाईंनी झटकन बोटं काढून घेतली. कपडा अंगाला काचू नये म्हणून जडलेली आयुष्यभराची सवय नेमकी इथे नडली!

"चला, संध्याकाळ होतेय," साहेब म्हणाले.

"थांबा हो, बटण कुठाय? बटण! अरे ए उंडग्या!"

भुंकणं आलं, पण घुसमटलेलं. पलीकडच्या वेलींनी झाकलेल्या कातळाच्या पोटातून.

"याच कातळाला टेकून मी दर रविवारी डबा खाते," बाई पुटपुटल्या आणि थबकल्या. "साहेब, कातळ कधी पोकळ असतो का?"

दोघांनी वेली ओरबाडल्या. आत दगड नव्हताच. साल होती! खरबरीत, काळी, भिंतीएवढी रुंद. बुंध्याच्या ढोलीतून मातीनं माखलेलं बटण शेपूट हलवत बाहेर आलं.

साहेबांनी या बुंध्यालाही टेप करकचून आवळली. घाम निघाला, पण टोकं काही भेटेनात. मधल्या फटीत बटण ऐसपैस बसलं.

"आता घालू का दोन बोटं?" साहेब धापा टाकत म्हणाले.

"बोटं कसली घालताय? अख्खं कुत्रं मावलंय!"

मंजुरीची सही करायला जंगलात टेबल कुठलं? बाईच वाकल्या, पाठीवर कागद घेतला.

"दाबून करा हो साहेब," त्या खालूनच ओरडल्या. "सैल नको!"