अकरा सिस्टरांची परीक्षा मी दिली

"हात काढ. फरशी पुसणाऱ्या हातानं पेशंटला शिवतेस? हात काढ म्हणते ना."

मेट्रन बाई वरडली. मी हात काढला न्हाय. काढता येतच न्हवता. त्या मानसाच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळलेला, पट्ट्याचा रबरी फुगा माझ्या मुठीत, आन् पट्टा जुना, कुटंतरी चिरलेला, हवा सुटायची त्यातनं. दाबायचं थांबलं की पट्टा ढिला. पट्टा ढिला की खालनं रगत. नळ गळतो तसं न्हवं. उसळी मारून. माझ्या तोंडावर आलेलं, पदरावर आलेलं, पायाखाली चिकचिक झालेली. मी दाबत व्हते. नुसती दाबत व्हते.

चिंचोळीच्या कारखान्यातला मानूस तो. मशीननं हात आत वडून घेतलेला. संगच्या दोघांनी टेम्पोत घालून आमच्या दवाखान्यात आनला, हाताला एक टॉवेल बांधलेला, त्यातनं धार लागलेली. मी तितं आया. फरशी, बेडपॅन, चादरी, हे माझं काम. निळी साडी म्हंजे आया, पांढरा कोट म्हंजे सिस्टर. निळ्यानं पेशंटला शिवायचं न्हाय, फकस्त पेशंटनं केलेली घान काढायची.

आन् सिस्टर कुटं व्हती म्हनाल, तर सिस्टर तितंच व्हती की. दोन हातावर. ट्रॉलीचे कप्पे उघडत व्हती. तिसरा कप्पा उघडायची, बंद करायची, परत तिसराच उघडायची. सिस्टरांचा कोर्स व्हता त्या काँप्युटरवर रगत थांबवायचा पट्टा तिसऱ्या कप्प्यात असतो. आमच्या तिसऱ्या कप्प्यात कापूस, मुदत संपलेली इंजेक्शनं आन् कुनाचीतरी शेंगाचटणीची पुडी. तो पट्टा आमच्या दवाखान्यात कधी आलाच न्हाय. तो फकस्त काँप्युटरात हाय.

मेट्रन बाईनं माझं मनगट धरून हिसका दिला. फुगा सुटला. एक उसळी तिच्या कोटावर गेली, छातीपासनं कमरेपर्यंत. तशी ती चार पावलं मागं सरली. मी फुगा उचलला, परत दाबला. आन् म्हनलं, "बाई, मंग तुमी धरा."

तीन वर्सात पयल्यांदा मी त्या बाईला उलटून बोलले. तिनं धरला न्हाय. कोनीच धरला न्हाय. धा मानसं उभी व्हती.

आता तुमी इचारनार, नववी नापास बाईला हे सारं ठावं कसं. तेच सांगते.

आमच्या मालक डॉक्टरनं पुन्याच्या कुठल्या कंपनीकडनं कोर्स घेतलेला. ऑनलाइन. अपघाताचा पेशंट कसा सांभाळायचा, ते सिस्टर लोकांनी काँप्युटरवर शिकायचं. काँप्युटरात एक मानूस येतो, रगत वाहात असतं, पयलं काय करायचं ते दाबायचं. चुकलं की मानूस मरतो, परत पयल्यापासनं. लई झकास. फकस्त सिस्टर लोकांना बसायला येळ कुटं हाय? येका पाळीला दोन सिस्टरा, तीस बेड, बारा तास ड्युटी. आन् खरं सांगू का, मनबी न्हवतं. वारा आल्यासारखा तो कोर्स मालकाच्या डोक्यात आला, आता त्याचं सर्टिफिकेट तेवढं भिंतीवर लागायचं राहिलं, असं समद्यांचं चाललेलं.

मेट्रन बाईनं मला मोबाइलवर फळं कापायचा खेळ खेळताना बघितलं. म्हनली, तुझी बोटं लई चालतात गं, बस हितं. चादरीच्या खोलीत काँप्युटर मांडला. सिस्टरचं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, आन् कोर्स पुरा करायचा. आराम हाय की, बसून काम, म्हनली. उपकार केल्यासारखं.

येका सिस्टरचं झालं की दुसरीचं. अकरा सिस्टरा.

हिंदीत बोलायचा तो काँप्युटर. मला पुढं ढकलता यायचं न्हाय, कारन मागनं प्रश्न यायचे आन् पडद्यावरचं इंग्रजी मला वाचता येत न्हाय, म्हनून ऐकावंच लागायचं. पयल्या सिस्टरच्या नावावर तो मानूस माझ्या हातनं तीन डाव मेला. गोरा मानूस, इस्त्रीचा शर्ट, रगतबी कुंकवाच्या पान्यासारखं. मेला तरी मला वाईट वाटायचं. मंग कळत गेलं. पयलं रगत थांबवायचं, बाकी मागनं. जखमेच्या वर दोन-तीन बोटं सोडून पट्टा, सांध्यावर न्हाय. पट्टा नसंल तर बीपीचा पट्टा चालतो, हे मी दोन डाव चुकले म्हनून पक्कं बसलं. बांधला की येळ लिवायची. आन् एकदा बांधला की मधी सोडून बघायचा न्हाय. अकरा डाव वाचवला मी त्याला.

आन् त्या बाया. चहा प्यायला येऊन उभ्या राहायच्या. एकीला ब्याण्णव मार्क पडले तर दुसरी रुसली. म्हनली, "तिला ब्याण्णव आणि मला ऐंशी? माझ्या परीक्षेवर पोछाच मारलास वाटतं." समद्या हसल्या. मीबी हसले. लाज वाटते आता ते आठवून. हसले मी.

अकराच्या अकरा पास झाल्या. मालकानं सर्टिफिकेटं फ्रेम करून आत शिरताच दिसतील अशी लावली. फोटो काढले, पेढे वाटले, मलाबी एक दिला. त्या पेढ्यांचे कागद मी झाडले.

त्या दिवशी ड्युटीवर ब्याण्णववालीच व्हती.

मी काय शूर न्हवते. बादली घेऊन उभी व्हते. वाटलं आता सिस्टर करंल. आता करंल. ती कप्पे उघडत राहिली, त्या मानसाचे ओठ पांढरे पडले, त्याच्या संगचा मानूस मलाच म्हनला, ताई काहीतरी करा की. त्याला काय ठावं निळी साडी आन् पांढरा कोट. माझ्या हातानं बीपीचं मशीन कधी उचललं मला सांगता याचं न्हाय. फुगा उजव्या मुठीत, डाव्या हातानं त्याच्या संगच्या मानसाचं पेन घेतलं आन् दंडावर लिवलं, ११.४०. वाकडंतिकडं. आमच्या मराठी आकड्यात.

ड्युटीवरचा डॉक्टर वरच्या मजल्यावर बाळंतपनात अडकलेला. आला, बघितलं, म्हनला हे सोडू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. आन् फुगा धरायला दुसरं कोनी तयार न्हाय म्हनून ॲम्ब्युलन्समधी मीच गेले. तवा कुनाला निळी साडी दिसली न्हाय.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तरना पोरगा. त्यानं दंडावरचे आकडे बघितले. "ही वेळ कोणी लिहिली?" मी म्हनलं मी. त्यानं माझ्या साडीकडं बघितलं आन् म्हनला, "बरं केलंत. नाहीतर हा इथवर आला नसता." आन् आत गेला.

घरी आले तर माझी पोरगी, आठ महिन्याची, शेजारच्या अक्काच्या मांडीवर रडून रडून निळी पडलेली. माझा ब्लाउज दुधानं भिजलेला, वरनं त्या मानसाचं रगत वाळलेलं. अक्का तेलुगूत देवाचं नाव घ्यायला लागली. आधी आंघोळ केली, मंग पोरीला पाजलं. 

तिसऱ्या दिवशी मालकानं केबिनमधी बोलवलं. मेट्रन बाई खुर्चीवर, ब्याण्णववाली सिस्टर भिंतीला, मी उभी. त्या मानसाची तीन बोटं गेलेली. जीव राहिला, हात राहिला, बोटं मशीननं चेचलेली व्हती ती काढावी लागली. त्याच्या घरचे इचारायला येऊन गेलेले. आन् मोठ्या दवाखान्यातनं फोन आलेला, दंडावर मराठी आकडे लिवनाऱ्या आयाचं नाव काय म्हनून.

मालक गोड बोलला. म्हनला, बस गं, घाबरू नकोस. एक कागद पुढं सारला. मी वाचायला लागले तर मेट्रन बाई म्हनली, "वाचायचं काय त्यात? सही कर." मी बोट ठिवून वाचलं. सावकाश वाचते मी, पन वाचते. त्यात लिवलेलं की सिस्टर योग्य उपचाराची तयारी करत व्हती, तिनं मनाई केली तरी मी माझ्या मनानं पट्टा बांधला, आन् पेशंटच्या बोटांचं जे झालं ते त्याच्यानं झालं. सही केलीस तर नोकरी राहील, म्हनला मालक. नुसती समज देऊन सोडू.

सिस्टर खाली बघत व्हती. 

मला पोरगी दिसली. भाडं दिसलं. नवरा ट्रकवर, तो म्हननार कशाला मधी पडलीस. मी पेन उचललं बी. खोटं कशाला सांगू, उचललं.

आन् म्हनलं, "सही करते साहेब. पन वर अजून एक ओळ लिवा. अकरा सिस्टरांची परीक्षा बी मीच दिली म्हनून."

 मेट्रन बाई पांढरी पडली. मालक मातूर हसला. ते हसू मी जलमभर इसरनार न्हाय. म्हनला, "म्हणजे फसवणूक तू केलीस. बोटं तुझी, क्लिक तुझे. पोलिसात कोण जाईल? तुझं कोण ऐकेल, नववी नापास?"

मला थुकायला आलं. एवढी डिग्री, एवढा दवाखाना, आन् लपायला जागा सापडली ती आयाच्या पदराआड. पेन टेबलावर ठिवलं आन् भायेर आले. जिन्यात पायरीवरच बसले. भ्या वाटत व्हतं. आताबी वाटतं.

मालक बरोबर म्हनला एका गोष्टीत. चोरी माझीबी हाय. मी दुसऱ्याच्या नावावर बसले, हसले, पेढा खाल्ला. ते मी झाकनार न्हाय. उद्या पोरीला कडंवर घेऊन चिंचोळीला जानार, त्या मानसाच्या बायकोला समदं सांगनार. मंग पुन्याच्या त्या कोर्सच्या कंपनीला लिवनार. अकरा नावं मला पाठ हायत. बारावं नाव माझं घालनार, सगळ्यात खाली, सहीसकट. पोलीस आले तर येऊ देत. चौकीत बी तेच सांगीन, आन् सांगून झाल्यावर इचारीन, आता त्या अकरा जनींना खरंखुरं कोन शिकवनार, उद्या दुसरा मानूस आला तर.

तुमी शिकल्यासवरलेली मानसं. वाचून म्हनाल, कशाला बाई, सही करायची आन् पोरीकडं बघायचं. म्हना. पन कागद तुमच्या म्होरं असता, पोरगी तुमची असती, आन् त्या मानसाच्या बायकोला एक ना एक दिवस तोंड दाखवायचं असतं तर? तुमी काय केलं असतं?